रात्रीच्या रंगाचे मस्तक: मलिक अंबर, जहांगीर आणि चेहऱ्यावरून ठरणारी सत्ता

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तेथील चेस्टर बीटी ग्रंथालयात मोगल चित्रशाळेतील एक लहानसे चित्र जपून ठेवलेले आहे. काळ सुमारे १६१६, चित्रकार अबुल हसन. या चित्राचा विषय थेट आपल्या खडकीशी, म्हणजे नंतरच्या औरंगाबादशी आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरशी जोडलेला आहे.

चित्रात बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशाच्या पाठीवर. बादशहाच्या मस्तकामागे तेजोवलय, अंगावर रत्ने, हातात ताणलेले धनुष्य. आकाशातून पंख असलेली बालके त्याला शस्त्रे पुरवीत आहेत. समोर भाल्याच्या टोकावर एक छिन्न मस्तक खोचलेले आहे, कृष्णवर्णीय पुरुषाचे, आणि त्यावर घुबड बसले आहे. जहांगीरचा नेम त्या मस्तकावर आहे.

हे मस्तक मलिक अंबरचे. निजामशाहीचा पेशवा, खडकी शहराचा संस्थापक.

अडचण एवढीच, की हे कधी घडलेच नाही. चित्र रंगवले गेले तेव्हा मलिक अंबरचे मस्तक त्याच्या धडावर सुरक्षित होते. तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता, आणि पुढची सुमारे दहा वर्षे मोगल सेनापतींना दख्खनच्या डोंगरांतून पळवत राहणार होता. जहांगीर आणि तो रणांगणावर कधी समोरासमोर आलेही नाहीत. जे प्रत्यक्षात साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले.

असे म्हणून चित्र बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु चित्रकाराने अंबरच्या पराभवासाठी कोणती भाषा निवडली, हे पाहण्यासारखे आहे. चित्रावर फारसीत बारीक अक्षरांत मजकूर आहे. त्यात अंबरचा उल्लेख रात्रीच्या रंगाचा, प्रकाशापासून पळणारे घुबड, अशा शब्दांत येतो. त्याचे राजकारण, त्याची युद्धपद्धती, त्याचा महसूल, यांपैकी कशाचाही तेथे मागमूस नाही. आरोप एकच आहे, आणि तो कातडीवर लिहिलेला आहे.

जहांगीरचे पूर्ण नाव नूरुद्दीन, म्हणजे धर्माचा प्रकाश. त्याच्या राणीला नूरजहाँ ही पदवी मिळाली, तीही प्रकाशाचीच. युरोपातून आलेल्या धार्मिक चित्रांतील तेजोवलय याच दरबाराच्या चित्रकारांनी बादशहाच्या मस्तकामागे आणून बसवले. बादशहा हाच प्रकाश असेल, तर त्याचा शत्रू अंधार असणे ओघानेच आले. आणि दख्खनमधील शत्रू तर जन्मानेच कृष्णवर्णीय. चित्रकाराला रूपक शोधावे लागले नाही, ते आयते मिळाले.

हा योगायोग नव्हता, याला आणखी एक पुरावा आहे. जहांगीर बाणाने दारिद्र्याचा वध करीत आहे, असे दुसरे एक चित्र अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. तेही अबुल हसनचेच मानले जाते. तेथे दारिद्र्य म्हणजे एक काळवंडलेली, हाडांचा सापळा झालेली, पांढऱ्या केसांची मानवाकृती. माणूस असो की आपत्ती, बादशहाच्या बाणासमोर उभे राहायचे तर तिचा रंग ठरलेला होता.

आता बाण सोडणाऱ्याच्या देहाकडे वळू. चित्रातला जहांगीर भरदार छातीचा, स्थिर हाताचा. प्रत्यक्षातला जहांगीर उत्तम शिकारी होता, यात शंका नाही. शिकारीच्या आकड्यांची नोंद त्याने मोठ्या हौसेने ठेवली. परंतु आपल्या मद्यपानाची हकीकतही त्याने स्वतःच्याच लेखणीने लिहून ठेवली आहे. तरुणपणी मद्याचे प्रमाण इतके वाढले, की हात थरथरू लागले आणि प्याला दुसऱ्याने ओठांशी धरावा लागे. वैद्याने धाक घातल्यावर त्याने प्रमाण घटवले, अफूची सवय मात्र राहिली. उतारवयात दम्याने त्याला जेरीस आणले. स्वतःविषयी इतके मोकळेपणाने लिहिणारा बादशहा विरळाच, हे मान्य केले पाहिजे. पण दरबारी चित्रात थरथरत्या हाताला प्रवेश नव्हता.

१६१४ साली याच जहांगीरने आपले कान टोचून घेतले आणि त्यांत मोती घातले. आजारातून बरे झाल्यावर अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींबद्दलची कृतज्ञता म्हणून. त्या काळी टोचलेला कान ही गुलामाची खूण समजली जाई. मनाने आपण ख्वाजांचे गुलाम आहोतच, मग ती खूण उघडपणे का मिरवू नये, असा त्याचा विचार. पाठोपाठ दरबारी उमरावांनीही कान टोचून घेतले. दोन वर्षांनी काढलेल्या चित्रात ज्याचे मस्तक भाल्यावर आहे तो मात्र खराखुरा गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. बादशहाच्या कानातले गुलामीचे चिन्ह भक्तीचा अलंकार ठरले. अंबरच्या कातडीवरचे तसे चिन्ह त्याला आयुष्यभर ऐकवले गेले.

ऐकवणाऱ्यांत खुद्द जहांगीर पहिला. त्याच्या आत्मचरित्रात, ‘तुझुक-ए-जहांगिरी’त, अंबरचे नाव साध्या रूपात क्वचितच येते. काळतोंड्या, अभागी, दुष्ट ग्रहावर जन्मलेला, अशा अर्थाची विशेषणे त्याला सतत चिकटलेली असतात. फारसीत ‘रू-सियाह’, म्हणजे काळ्या तोंडाचा, हा शब्द बेअब्रू झालेल्या कोणत्याही माणसासाठी वापरत, तर मान मिळालेला तो ‘सुर्खरू’, लाल चेहऱ्याचा. मराठीतही ‘तोंड काळे करणे’ किंवा ‘तोंडाला काळे फासणे’ हे वाक्प्रचार त्याच मुशीतले. गोऱ्या शत्रूला काळतोंड्या म्हटले तर ती अलंकारिक शिवी होते. अंबरच्या बाबतीत तीच शिवी वर्णनाचे सोंग घेऊन येते, आणि म्हणूनच ती अधिक विषारी आहे. (हीच मराठी भाषा पंढरीच्या विठोबाला सावळा, काळा म्हणत कौतुकाने न्याहाळते, हेही लक्षात ठेवावे. रंगाला अर्थ माणसे देतात.)

परंतु अंबरच्या देहाची किंमत ठरवणारा जहांगीर काही पहिला नव्हता.

इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू होते असे सांगतात. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात तो ८० डच गिल्डरांना विकला गेला, अशी नोंद एका डच व्यापाऱ्याने केली आहे. त्या व्यापाऱ्याची गाठ पुढे पडेल. तेथून बगदाद. तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला इस्लामची दीक्षा आणि शिक्षण दिले, शिवाय नवे नावही दिले: अंबर.

या नावातही एक गोम आहे. अंबर हे समुद्रातून मिळणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. गुलामांना रत्नांची आणि सुगंधांची नावे देण्याचा तो रिवाजच होता. बापाचे नाव, कुळाचे नाव, गावाचे नाव पुसून तेथे बाजारातील मोलाच्या वस्तूचे नाव लावायचे. काफूर हे नाव काळ्या गुलामालाही देत. कापूर पांढराशुभ्र असतो, हे वेगळे सांगायला नको.

दख्खनमध्ये त्याला विकत घेतले चंगेज खानाने. हा निजामशाहीचा पेशवा, आणि स्वतः कधीकाळी गुलाम असलेला हबशी. त्याने असे सुमारे एक हजार हबशी विकत घेतले होते म्हणतात. का? उत्तर सरळ आहे. दख्खनच्या सुलतानांना लढवय्ये हवे होते, आणि हबशी पुरुष उंच, काटक, निष्ठावान असतात असा त्यांचा लौकिक होता. ज्यांना या भूमीत भाऊबंद नाहीत, वतन नाही, ते धन्याशी एकनिष्ठ राहतात, हाही हिशेब त्यात होता. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबारात जो देह अशुभ ठरला, तोच देह अहमदनगर-विजापूरच्या छावणीत शौर्याची हमी मानला गेला. दोन्हीकडे माणूस पाहण्याआधी देह पाहिला गेला, हे विसरता कामा नये. प्रशंसा करणारा बाजारसुद्धा बाजारच असतो.

१५७० च्या दशकात चंगेज खान मारला गेला, त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. पुढची वीस वर्षे भाडोत्री शिपाईगिरीत गेली. विजापूरच्या चाकरीत ‘मलिक’ हा किताब मिळाला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा याच माणसाने निजामशाही घराण्यातील एक वंशज शोधून काढला, परांडा येथे त्याला गादीवर बसवले आणि स्वतः त्याचा पेशवा झाला. तो सुलतान म्हणजे दुसरा मुर्तजा निजामशहा.

येथे एक प्रश्न उभा राहतो. फौज अंबरची, डावपेच अंबरचे. मग गादीवर दुसरा कशासाठी?

तोपर्यंतच्या दख्खनमध्ये हबशी माणूस काय काय होऊ शकत होता, याची यादी मोठी आहे: किल्लेदार, सरदार, पेशवा, सुलतानाचा पालक. जंजिऱ्याचे सिद्दी पुढे प्रत्यक्ष सत्ताधीशही झाले. पण निजामशाहीच्या गादीसाठी रक्त हवे होते. आणि रक्त डोळ्यांना दिसत नसले तरी चेहरा दिसतो. अंबरने हा पेच वादात न पडता सोडवला. स्वतःची मुलगी त्याने सुलतानाला दिली. छत्र निजामशहाच्या डोक्यावर राहिले, पण उद्याच्या वारसात अंबरचे रक्त येण्याची सोय झाली.

आणि इथेच, घराच्या आत, ठिणगी पडली.

दख्खनच्या दरबारांत त्या काळी दोन तट होते. एका बाजूला दख्खनी आणि हबशी. दुसऱ्या बाजूला आफाकी, म्हणजे इराण-तुराणातून आलेले गोरे, फारसी बोलणारे, कुलीनतेचा तोरा मिरवणारे. सुलतानाची आणखी एक पत्नी होती, ती इराणी. त्या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या हकीकतीनुसार, या इराणी राणीने अंबरच्या मुलीला हिणवले: तू तर काळी, गुलामाची पोर, नुसती रखेल. शिवाय तिच्या बापाविषयीही अपशब्द काढले. मुलीने ते बापाला कळवले. अंबरने आपल्या विश्वासू माणसाकरवी सुलतान आणि ती राणी दोघांनाही विष दिले, असे ही हकीकत सांगते. मुर्तजाचा अंत १६१० चा, आणि त्याच्यानंतर त्याचा लहान मुलगा गादीवर बसवला गेला, एवढे निश्चित.

या हकीकतीत जनानखान्यातील कुजबूज किती आणि राजकारण किती, हा वाद राहील. सुलतान अलीकडे डोईजड होऊ लागला होता, त्यामुळे त्याला दूर करण्याची कारणे अंबरकडे होतीच. परंतु लोकांना कोणते कारण पटले, ते महत्त्वाचे. दहा वर्षे मोगलांशी झुंजणाऱ्या, राज्याचा कणा असलेल्या पुरुषाच्या मुलीला एक वाक्य ऐकवून पुन्हा मोखाच्या बाजारात उभे करता येते, आणि त्या वाक्याची किंमत एका सुलतानाचा प्राण असू शकते, हे त्या काळच्या ऐकणाऱ्यांना अविश्वसनीय वाटले नाही.

त्याच १६१० साली अंबरने खडकी गावी आपली नवी राजधानी वसवायला घेतली. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी याच काळातली. शहराची बाकी हकीकत येथे नको, ती स्वतंत्र विषय आहे. फक्त इतके: ज्याला स्वतःचा चेहरा नाण्यावर किंवा गादीवर ठेवता येत नव्हता, त्याने दगडाची कमान उभी केली. तिच्याखालून जाणाऱ्याला ती बांधणाऱ्याचा रंग दिसत नाही.

आता तो डच व्यापारी. पीटर व्हॅन डेन ब्रूक, डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १६१७ साली गुजरातच्या किनाऱ्याजवळ जहाज निकामी झाल्यामुळे तो माणसांसह सुरतेहून मच्छलीपट्टणला पायवाटेने निघाला आणि वाटेत अंबरच्या छावणीत पोहोचला. त्याने अंबरचे जे वर्णन लिहिले, ते अंबरला प्रत्यक्ष पाहिलेल्या युरोपीयाचे म्हणून मोलाचे आहे. उंच, मजबूत बांध्याचा, आणि कठोर रोमन धाटणीचा चेहरा. डोळे मात्र पांढुरके, काचेसारखे, ते त्याला शोभत नाहीत, असेही तो नोंदवतो. याच माणसाने राज्यातील कडक बंदोबस्ताचे आणि अंबरला मिळणाऱ्या मानाचेही वर्णन केले आहे.

‘रोमन’ हा शब्द नजरेआड करू नये. आफ्रिकी चेहऱ्यावर अधिकार दिसला, तेव्हा त्याला नाव देण्यासाठी डच माणसाला रोमच्या पुतळ्यांपर्यंत जावे लागले. इथिओपियाचा चेहरा इथिओपियाचाच राहून रुबाबदार असू शकतो, हे लिहिण्याची सोय त्याच्या भाषेत नव्हती. जहांगीरला अंबरमध्ये घुबड दिसले, ब्रूकला सीझर. ब्रूकची दृष्टी अर्थातच अधिक उदार. तरी दोघेही आपापल्या घरातलेच आरसे घेऊन आले होते.

ब्रूक आला त्याच्या आदल्याच वर्षी, १६१६ मध्ये, जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत अंबरचा मोठा पराभव झाला होता आणि मोगलांनी खडकीची राखरांगोळी केली होती. म्हणजे ब्रूकला दिसलेला अंबर विजयाच्या शिखरावर नव्हता. हरलेला, शहर जळालेला, सत्तरीला आलेला माणूस. त्या स्थितीतही पाहणाऱ्याला त्याच्या उंचीची आणि मुद्रेची आठवण राहिली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अंबरचे आणखी एक चित्र आहे. चित्रकार हाशिम, काळ सुमारे १६२०. म्हणजे पुन्हा मोगल चित्रशाळाच, आणि डब्लिनच्या चित्रापासून अवघी काही वर्षे दूर. पण येथे भाला नाही, घुबड नाही. पांढऱ्या जाम्यातला, शस्त्र बाळगलेला एक वयस्क उमराव शांतपणे एका बाजूने उभा आहे. मोगल सरदारांची चित्रे ज्या थाटात काढली जात, त्याच थाटात. चेहऱ्याचा गडद वर्ण हाशिमने लपवला नाही आणि भयानकही केला नाही. मोगल दरबाराला अंबर नीट पाहता येत नव्हता, असे म्हणण्याची सोय हे चित्र ठेवत नाही. पाहता येत होते. डब्लिनच्या चित्रात काय पाहायचे, हे बादशहाच्या इच्छेने ठरले होते.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला. या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले होते आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे. शिवाजी महाराजांच्या दरबारातील हा संस्कृत कवी अंबरकडे पराक्रमी पुरुष म्हणून पाहतो. त्याच्या वर्णाची खिल्ली उडवावी असे त्याला वाटले नाही.

मे १६२६ मध्ये, सुमारे ऐंशीच्या वयात, अंबर अंथरुणावर वारला. मग मोगल दरबारात एक चमत्कारिक गोष्ट घडली. मुतमद खान हा जहांगीरचा इतिहासकार. बादशहाची प्रकृती खालावल्यावर ‘तुझुक’ पुढे लिहिण्याचे काम त्याच्याकडेच आले होते. त्याने आपल्या ‘इकबालनामा’त अंबरच्या मृत्यूची नोंद करताना लिहिले, की हा गुलाम होता, पण युद्ध, नेतृत्व, निर्णयशक्ती आणि कारभार यांत त्याला तोड नव्हती, दख्खनमध्ये ज्याला बारगीगिरी म्हणतात ती लढाई त्याला पूर्ण अवगत होती, आणि हबशी गुलाम अशा पदाला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. शत्रूने दिलेली ही पावती मराठी वाचकांना ठाऊक असते आणि ती वारंवार सांगितली जाते. तिच्यातला तो ‘पण’ मात्र सांगताना सहसा गळतो. अजातशत्रू झाल्यावर, म्हणजे मेल्यावर, अंबरला सर्व गुण बहाल झाले. तरी वाक्याची सुरुवात गुलामापासूनच झाली.

मराठी मुलखाने त्याला वेगळ्याच रीतीने लक्षात ठेवले. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतकी रुजली, की ‘मलिकंबरी’ हा शब्द महसुलाच्या भाषेत शिरला आणि पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतही येत राहिला. शेतकऱ्याच्या तोंडी ज्याचे नाव साऱ्याच्या दराशी जोडलेले आहे, त्याचा रंग कोणता होता हा प्रश्न त्या शेतकऱ्याला पडण्याचे कारण नव्हते. दर परवडतो की नाही, हाच प्रश्न होता.

अंबरच्या पश्चात त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीला फत्तेनगर म्हटले. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. १६५३ मध्ये दख्खनची सुभेदारी घेऊन औरंगजेब आला आणि शहराचे नाव औरंगाबाद झाले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे.

अंबर आणि औरंगजेब, दोघांच्याही कबरी शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, खुलताबादला आहेत. हिंदुस्थानच्या बादशहाने स्वतःसाठी छत नसलेली, मातीची कबर मागितली. ज्याच्याविषयी सत्तेची शंका कोणालाच नव्हती, त्याला साधेपणा परवडत होता. मोखाच्या बाजारात ८० गिल्डरांना विकला गेलेल्या हबशाच्या कबरीवर मात्र घडीव दगडाचा भरभक्कम घुमट आहे.